अभ्यासपाठ : नवरदेवांचा मोर्चा


डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा कडकपणे राबवा, ही त्यांची मागणी. आपण परदेशात ही बातमी कदाचित हसून वाचली. पण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४. २००१ची ती मुले आज लग्नाच्या वयाची आहेत. जन्मू न दिलेल्या लेकी आता सुना म्हणून कोठून येणार? शिकलेली मुलगी नोकरीवाला वर पाहते, यात तिचा दोष नाही. पण शेतकरी मुलाची पस्तिशी उलटते आणि म्हातारी आई अजून चुलीपुढेच असते.

शहरांत काहीजण स्वेच्छेने अविवाहित राहतात. त्यांना हिणवू नये. नाथमहाराजांनी प्रपंचात परमार्थ साधला, समर्थ बोहल्यावरून निघून गेले. आपल्याला दोघेही वंद्य.

चिंतनासाठी : नातीच्या जन्माला आपण नातवाइतक्याच आनंदाने पेढे वाटले का? लग्न न झालेल्या भाच्याला सणाला आठवणीने बोलावतो का?

विनंती : आपल्यातील एकट्या राहणाऱ्या एका तरी सभासदाला या आठवड्यात फोन करावा.