हृदयाला रक्त कोण पुरवते?

हृदय तर सदैव रक्ताने भरलेले असते, मग त्यालाच रक्त कमी कसे पडेल, असे रुग्ण मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुठीएवढे हे हृदय मिनिटाला साधारण ७२ ठोके देते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटर रक्त महाधमनीत ढकलते. पण त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत इतकी जाड असते की आतल्या रक्तातून तिची गरज भागत नाही. बँकेतला रोखपाल दिवसभर नोटा मोजतो, त्याचा पगार मात्र वेगळाच निघतो, तसेच हे!

महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृदयधमन्या हा पुरवठा करतात. डाव्या भिंतीला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. जिना चढताना ठोके वाढतात, विसावा घटतो आणि मागणी मात्र वाढते. धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली असेल, तर नेमके तेव्हाच छाती आवळल्यासारखी होते. थांबले की बरे वाटते. पुष्कळजण याला 'गॅस' समजून सोडा पितात. माझ्या मते हा सोडाच घातक, कारण त्यात दिवस जातात. कधी दुखणे जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. मधुमेहींना नुसता दमही लागतो. अशा वेळी डॉक्टरांना लवकर दाखवावे. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला आला, तरी श्रमाची चाचणी लागेल का, हे विचारावे.

बसल्या जागीही दडपण काही मिनिटांत ओसरले नाही, घाम फुटला, तर रुग्णाला चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.