नांदत्या घरातील तारा बदलताना

नव्या घराचे बांधकाम चालू असताना त्यात विजेच्या तारा घालणे हे तुलनेने सोपे काम होय. भिंती उघड्या असतात आणि घरात अद्याप कोणी राहत नसते. नांदत्या घरातील जुन्या तारा बदलणे मात्र याहून फार वेगळे आहे. तेथे स्वयंपाक चालू असतो, मुले वावरत असतात, एखादा वृद्ध अंथरुणाला खिळलेला असतो; आणि संध्याकाळ होताच सर्वांना दिवा हवा असतो.

हाच प्रश्न वाराणसीच्या जुन्या वस्तीपुढे शहराच्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेथील अरुंद गल्ल्यांवर लोंबणाऱ्या तारांचे जाळे काढून त्याजागी भूमिगत केबल टाकण्याचे काम २०१५ साली पॉवरग्रिड या सार्वजनिक महामंडळाकडे सोपविण्यात आले. सुमारे १६ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि जवळजवळ ५०,००० ग्राहक असा त्याचा विस्तार होता. गल्ल्यांखाली सांडपाण्याची गटारे, पाण्याचे नळ आणि टेलिफोनच्या तारा आधीच होत्या. वस्ती मात्र हलविता येणे शक्य नव्हते. २०१७ च्या अखेरीस हे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

गल्लीतील केबल बदलली तरी घराच्या आतील तारा घरमालकाच्याच जबाबदारीच्या राहतात. जुन्या घरांतून लाकडी पट्ट्यांवर किंवा लाकडी पन्हळीत बसविलेल्या, रबराचे आवरण असलेल्या तारा अद्याप आढळतात. काळाच्या ओघात हे रबर कोरडे पडून तडकते, आणि धक्का लागताच गळून पडते. अर्थिंगची तार तर अनेकदा नसतेच.

अशा घरात काम एकेका मंडलाचे करावे लागते. प्रथम एका मंडलाचा फ्यूज काढून तेवढाच भाग बंद केला जातो. उरलेल्या घरात प्रकाश राहतो. नव्या तारा घालून, ५०० व्होल्टच्या मेगरने त्यांच्या निरोधनाची परीक्षा घेऊन, मगच पुढील खोली हाती घेतली जाते. दिवसाअखेर उघडे टोक किंवा अर्धवट सांधा मागे राहू नये, हा या कामाचा पहिला नियम होय.

परंतु फ्यूज काढला म्हणजे तार निर्जीव झाली, असे मात्र समजू नये. जुन्या घरांत कधी बटण उष्ण तारेऐवजी न्यूट्रल तारेवर बसविलेले असते. अशा वेळी दिवा विझला तरी होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब कायम असतो. कधी एका खोलीच्या दिव्याची परतीची तार दुसऱ्याच मंडलातून घेतलेली असते. म्हणून प्रत्येक तारेची परीक्षकाने तपासणी केल्याशिवाय तिला हात लावणे धोक्याचे ठरते.

याहूनही मोठा धोका माणसांचा आहे. अंधाराने कंटाळलेले कोणी सद्भावनेने जाऊन स्विच चालू करते, आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत तंत्रज्ञाचा हात तारेवर असतो. म्हणूनच जाणता तंत्रज्ञ काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवतो, मुख्य पेटीला कुलूप लावतो आणि काम सुरू करण्यापूर्वी घरातील लहानथोरांना ते सांगतो. नांदत्या घरातील सुरक्षितता तारेच्या गुणवत्तेइतकीच या समजुतीवर अवलंबून असते.