गौरीच्या जेवणातलं उरलेलं: कुरकुरीत खाऊ केला तर किती पडतो?

गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या ओट्यावर हमखास हे उरलेलं असतं: आठ-दहा साध्या पोळ्या, पातेल्याच्या तळाशी मसालेभात, वाटी-दीड वाटी घट्ट वरण, बटाट्याची भाजी आणि झाकून ठेवलेला मोदकांच्या उकडीचा गोळा. वीस माणसांचा अंदाज कधी नेमका बसत नाही, आणि गौरीला कमी पडू द्यायचं नसतं म्हणून हात मोकळाच सुटतो. एवढ्या कष्टाने रांधलेलं अन्न टाकवत नाही. मग ‘तळून टाकू, उद्या चहाबरोबर संपेल’ असं कुणीतरी म्हणतं.

तळायला हरकत नाही. पण उरलेल्याचा खाऊ फुकट होतो, असं धरून चालू नका. फुकट असतं ते फक्त मूळ अन्न. तेल, गॅस, वरून घातलेलं पीठ आणि शेंगदाणे यांचे पैसे नव्यानेच जातात. कुठल्या पदार्थात ते वसूल होतात आणि कुठल्यात नाही, याचा हिशेब मी गेली काही वर्षं ठेवते आहे. भाव माझ्या वाण्याकडचे आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावचे भाव घालून बघा, रीत तीच राहील.

आधी दोन मापं ठरवून घेऊ. शेंगदाणा तेल १८० रुपये लिटर धरलं, तर १५ मिलीचा एक मोठा चमचा २ रुपये ७० पैशांना पडतो. पिशवी घेताना एक बघा: एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळे लिटरची पिशवी आणि किलोचा डबा यांची तुलना करताना गफलत होते. गॅसचं म्हणाल, तर घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर किलोला सुमारे ६३ रुपये. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण २०० ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे अर्ध्या तासाला सहा-साडेसहा रुपये. मंद आचेवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. थोडक्यात, खिशाला चाट बसते ती तेलाने, गॅसने नव्हे.

सगळ्यांत पैसे वसूल करून देणारा पदार्थ म्हणजे शिळ्या पोळीचा चिवडा. फोडणीची पोळी किंवा कुस्करा आपण नाश्त्याला करतो, तो मऊ. हा वेगळा, हा डब्यात भरून ठेवायचा. दहा पोळ्या साधारण ४०० ग्रॅम भरतात. रात्री झाकण न ठेवता नुसत्या पातळ फडक्याखाली पसरून ठेवा. सकाळी हाताने नखाएवढे तुकडे करा. मिक्सरला लावू नका, भुगा होतो आणि भुगा तेल पितो. जाड बुडाच्या कढईत, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं परता. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, तुकडे उलट मऊ पडतात, कारण आतलं पाणी तेव्हा बाहेर येत असतं. आच वाढवायचा मोह इथेच होतो. वाढवली की कडा करपतात आणि पोटात ओल राहते, आणि तो चिवडा दुसऱ्या दिवशी चामट होतो. थोड्या वेळाने कढईतला आवाज बदलतो, झारा फिरवताना खडखड ऐकू येते. एक तुकडा काढून गार करा आणि मोडा. कट्‌कन तुटला तरच गॅस बंद करा. गरम असताना केलेली परीक्षा खोटी ठरते.

मग फोडणी. तीन मोठे चमचे तेल ८ रुपये, ५० ग्रॅम शेंगदाणे साडेसात, मूठभर डाळं साडेतीन, सुक्या खोबऱ्याचे काप सात, मिरच्या-कढीपत्ता तीन, हिंग-हळद-मीठ-पिठीसाखर दोन, गॅस तीन. चौतीस रुपये झाले. वाळून पोळ्यांचं वजन २७० ग्रॅमवर येतं, बाकी जिन्नस धरून चारशे ग्रॅमच्या जरासा आत चिवडा होतो. किलोला सुमारे ८५ रुपये. पोळ्यांच्या कणकेचे दहा-बारा रुपये धरलेत तरी सव्वाशेच्या आतच. दुकानातला बरा चिवडा किलोला चारशेच्या घरात असेल, तर हा एक डबा शंभरावर रुपये वाचवतो. कढीपत्ता मात्र फोडणीत पुरता कुरकुरीत होऊ द्या, एक ओलं पान अख्खा डबा नरम करतं. ओलं खोबरं आणि कच्चा कांदा यात घालायचाच नाही. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर आठवडाभर छान राहतो.

आता भात. भाताविषयी लिहिताना पैशांच्या आधी दुसरं सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुपारी बाराला केलेला मसालेभात आमच्याकडे रात्री दहापर्यंत पातेल्यातच झाकून राहिला. पाहुण्यांच्या गडबडीत लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचे वडे तळले. खमंग झाले, वासही चांगला होता. दोन-तीन तासांत घरातल्या दोघांना उलट्या सुरू झाल्या. कडकडीत तेलात तळलं की सगळे जंतू मरतात, अशी माझी समजूत होती. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगून राहतात. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि जे विष तयार करतात, ते पुन्हा उकळून किंवा तळून नाहीसं होत नाही. वासावरूनही कळत नाही. म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात परातीत पातळ पसरून निववा आणि उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. पातेलं तसंच आत ढकललं तर मध्यभागी भात कितीतरी वेळ कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी संपवा. जो भात बाहेर दिवसभर राहिला, त्याचा खर्च काढू नका, तो टाकायचाच. नैवेद्याच्या पानात तासन्‌तास उघडं राहिलेलं किंवा उष्टं झालेलंही या हिशेबात धरू नका. मी बोलते आहे ते भांड्यात वेगळं राहिलेल्या अन्नाबद्दल.

फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेला भात वड्यांना चांगलाच. गार होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं चिकट राहत नाहीत, वडा आकार धरतो. दोन वाट्या भात हाताने कुस्करा. मसालेभात असेल तर तोंडली आणि काजू बारीक करून घ्या, आणि मीठ घालण्याआधी चव बघा. त्यात अर्धी वाटी बेसन पाच रुपये, दोन चमचे तांदळाचं पीठ एक रुपया, कांदा-मिरची-कोथिंबीर सहा रुपये. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठाने येतो. नुसतं बेसन जास्त झालं की वडे जड होतात. पाणी शक्यतो घालू नका. सोळा-सतरा वडे होतात आणि ते पन्नास-साठ मिली तेल पितात, म्हणजे दहा रुपये. गॅसचे चार. एकूण सव्वीस. वडा दीड-पावणेदोन रुपयांना पडला.

पण कढईत तेल ओतलं होतं ४०० मिली, ७२ रुपयांचं. उरलेल्या साडेतीनशे मिलीचं पुढे काय करता, यावर सगळा हिशेब उभा आहे. ते फेकलंत तर तेच वडे ८८ रुपयांना पडले. पुन्हा पुन्हा त्यातच तळत राहिलात तर पैसे वाचतात आणि तब्येत जाते. तेल सतत तापलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे अंश, वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. घरी ते मोजायचं यंत्र नसतं. तेल काळपट झालं, फेस धरू लागलं, लवकर धुरावलं, हाताला चिकट लागलं, की ते संपलं असं समजा. मी एकदा तळलेलं तेल गार करून पातळ कापडातून गाळते आणि चार-पाच दिवसांत फोडण्यांना, थालीपिठांना वापरून टाकते. तेवढ्यात संपेल इतकंच तेल उरावं म्हणून कढई लहान घ्यायची. खोलगट लहान लोखंडी कढईत दीडशे-दोनशे मिली तेलात चार-चार वडे तळून होतात. वेळ दहा मिनिटं जास्त लागतो, तेल निम्मं लागतं.

अप्पेपात्र घरात असेल तर तेच काढा. प्रत्येक खळग्यात अर्धा चहाचा चमचा तेल, झाकण ठेवून मंद आच, मग उलटून उघडं. तेल चाळीस मिलीपर्यंत लागतं, वडे तळताना पितात त्याहून फार कमी नव्हे. फायदा इतकाच की मागे तेल उरत नाही, आणि मला तो फार मोठा वाटतो. एअर फ्रायर असेल तर जरूर वापरा, पंधरा मिनिटांची वीज तीन-चार रुपयांची. पण उरलेल्याचा खाऊ करायचा म्हणून पाच हजारांचं यंत्र घेऊ नका. खेपेला दहा रुपयांचं तेल वाचलं, तर पैसे फिटायला पाचशे खेपा लागतील.

उकडीचा गोळा उरला असेल तर निवगऱ्या करायच्या. कोकणात मोदकांबरोबर त्या होतातच. उकडीत वाटलेली हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून नीट मळा, चपट्या टिकल्या थापा आणि दहा मिनिटं वाफवा. तशाच, वर कच्चं तेल घालून, गरमगरम खाव्यात असं माझं मत आहे. मुलांना कुरकुरीत हव्या असतील तर वाफवून पूर्ण गार होऊ द्या, मग तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी लालसर करा. गरम असताना टाकल्या तर तव्याला चिकटतात. दोन वाट्या उकडीला मिरची-कोथिंबीर पाच, तेल साडेपाच, गॅस चार-पाच, मिळून पंधरा रुपये. उकड मात्र त्याच दिवशी किंवा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवायला हवी. तीही तांदळाचीच, भाताचा नियम तिला लागू आहे.

घट्ट वरणात कणीक भिजवून खारे शंकरपाळे होतात. वाटीभर वरणाला दोन वाट्या कणीक, दोन चमचे कडकडीत मोहन, ओवा, तीळ, तिखट. पाण्याचा थेंब नको. पोळी कागदासारखी पातळ लाटा आणि मंद आचेवर तळा. कणीक बारा, मोहन साडेपाच, तीळ-तिखट चार, प्यायलेलं तेल अकरा, गॅस सहा. एकोणचाळीस रुपयांत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतात. चिवड्यापेक्षा महाग आणि मेहनत दुप्पट, त्यामुळे वरण वाटीभराहून कमी उरलं असेल तर सरळ पोळ्यांच्या कणकेत घाला.

बटाट्याच्या भाजीचे भिजवलेले पोहे घालून कटलेट करा, तव्यावर, बाहेरून रव्यात घोळवून. पंधरा-सोळा रुपयांच्या वर जात नाहीत.

आणि काही गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. अळूचं फदफदं आणि कटाची आमटी पिठात कालवून तळायला घेतली तर पाणी आवरण्यासाठी बेसन ओतत राहावं लागतं. पाऊण वाटी आमटी वाचवण्यासाठी पाव किलो पीठ आणि शंभर मिली तेल जातं. दही घातलेली कोशिंबीर तर नकोच. भाताचे सांडगेही भाद्रपदात घालू नका, कोकणात आणि मुंबईकडे त्या दिवसांत ऊन टिकत नाही आणि बुरशी धरते. पुरणपोळीला तर तेलाची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी तव्यावर अगदी मंद आचेवर, फडक्याने दाबत, दोन्ही बाजूंनी कडक भाजायची. दीड-दोन रुपयांचा गॅस लागतो. तिसऱ्या दिवशी गौरी पाठवून माहेरवाशिणी निघतात, तेव्हा आमच्याकडे प्रत्येकीच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या अशा दोन कडक पुरणपोळ्या आणि पोळीच्या चिवड्याची एक पुडी असते. गाडीत बसल्यावर पहिली सुटते ती चिवड्याचीच.