फॉरमॅट मारण्याआधी

अंबड एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत ‘सर्व्हर रूम’ क्वचितच असते. अकाउंट्सच्या केबिनमागे, जुन्या फायलींच्या कपाटाला टेकून एक टॉवर उभा असतो. त्याला मॉनिटर नसतो, कीबोर्ड नसतो. टॅली, हजेरी, सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम हे सगळं त्या एकाच डब्यात वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर, चालतं. अंबड-सातपूरमधले असे डबे सांभाळणं हा माझा व्यवसाय. ते बंद पडतात तेव्हा काय करावं, याहीपेक्षा काय करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

एका कारखान्यातला सर्व्हर प्रॉक्समॉक्सच्या, म्हणजे या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीच्या, सातव्या आवृत्तीवर होता. त्या आवृत्तीचा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपणार होता, त्यामुळे आठव्या आवृत्तीवर जाणं भाग होतं. सुटीचा दिवस ठरवला, प्रत्येक व्हीएमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, वर स्नॅपशॉटही घेतले. अपग्रेड एकही लाल ओळ न दाखवता पूर्ण झालं. रीबूट दिला आणि काळ्या पडद्यावर दोनच ओळी आल्या: ‘डिस्क एलव्हीएमआयडी’, पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, ‘नॉट फाउंड’. त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारा कर्सर.

मालक शेजारीच उभे होते. ‘‘डिस्क सापडत नाही म्हणतंय. म्हणजे डिस्क गेली ना? मग फॉरमॅट मारा आणि नवीन टाका, उद्या सकाळी गाडी भरायची आहे.’’

त्यांची घाई समजण्यासारखी होती. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. बिल निघालं नाही तर माल भरलेली गाडी गेटवरच अडकते. पण डिस्क गेलेली नव्हती. ‘ग्रब’ हा सर्व्हर सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम त्या डिस्कवरूनच वर आला होता. त्याला एलव्हीएमची, म्हणजे डिस्कच्या वाटणीची, नोंद तेवढी वाचता येत नव्हती. ही नोंद डिस्कवरच्या एका ठरावीक जागेत गोल-गोल लिहिली जाते आणि प्रत्येक स्नॅपशॉटगणिक नव्याने लिहिली जाते. ती जागेच्या शेवटाशी सुरू होऊन पुन्हा आरंभाकडे वळली, की जुन्या ग्रबला ती वाचता येत नाही. आठव्या आवृत्तीसोबतच्या ग्रबमध्ये हा दोष दुरुस्त झालेला आहे. पण सर्व्हर यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा होता आणि ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ हे पॅकेज जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये आलेलंच नव्हतं. परिणामी नवा ग्रब डिस्कवर उतरला, पण बूटच्या छोट्या विभाजनात जुनाच राहिला.

उपाय आजाराच्या मानाने फारच लहान निघाला. प्रॉक्समॉक्सच्याच पेनड्राइव्हवरून डिबग मोडमध्ये जाऊन ४ एमबीचा एक रिकामा व्हॉल्यूम तयार केला. त्यामुळे वाटणीची नोंद नव्याने लिहिली गेली, ग्रबला ती वाचता आली आणि सर्व्हर उठला. मग ते राहिलेलं पॅकेज टाकलं आणि तो व्हॉल्यूम काढून टाकला. फॉरमॅट मारला असता, तर ४ एमबीच्या कामासाठी सगळ्या व्हीएम बॅकअपमधून परत आणत बसावं लागलं असतं.

सर्व्हर ‘उठत नाही’ ही तक्रार एकच असली, तरी तो कोणत्या पायरीवर थांबला यावर सगळा उपाय ठरतो. म्हणून आधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच बटणाला हात लावा. पुन्हापुन्हा पॉवर बटण दाबल्याने उपयोगाची ओळ पुसली जाते.

पहिली पायरी ग्रबची, ती वर सांगितली. इथेच झेडएफएस वापरणाऱ्यांना एक इशारा: अपग्रेडनंतर ‘झेडपूल अपग्रेड करा’ अशी सूचना दिसते, ती लगेच पाळू नका. सर्व्हर ग्रबने थेट झेडएफएसवरून सुरू होत असेल, तर नव्या सुविधा चालू केलेला पूल ग्रबला वाचता येत नाही आणि पुढच्या रीबूटला सर्व्हर अडतो.

दुसरी पायरी कर्नलची. ग्रबचा मेनू येतो, ‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’ अशी ओळ दिसते आणि पुढे सगळं गोठतं. मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. त्यावर सर्व्हर सुरू झाला, तर दोष नवा कर्नल आणि तुमचं हार्डवेअर यांच्या जोडीत आहे. ५.१५ कर्नलपासून इंटेलचं आयओएमएमयू आपोआप चालू होऊ लागलं आणि काही जुनी मशीन त्यावर अडखळली. ते बंद करून पाहता येतं. तोवर जुना कर्नल ‘पिन’ करून ठेवा, म्हणजे रात्री लाईट गेली तरी सर्व्हर चालत्या कर्नलवरच परत येईल.

तिसरी पायरी ‘इमर्जन्सी मोड’. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅब फाइलमध्ये लिहिलेली असते आणि कुणीतरी ती काढून घरी नेलेली असते. सर्व्हर तिची वाट पाहतो आणि हात टेकतो. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की प्रश्न मिटतो. पण इथे रूटचा पासवर्ड मागितला जातो आणि तो सर्व्हर बसवणाऱ्या, आता नोकरी सोडून गेलेल्या मुलालाच ठाऊक असतो. तो पासवर्ड आजच, सगळं सुरळीत चालू असताना, शोधून ठेवा.

चौथी पायरी फसवी. सर्व्हर उठलेला असतो, पण ८००६ पोर्टवरचं पान कुठूनच उघडत नाही, म्हणून तो मेला असं वाटतं. मॉनिटर जोडला तर लॉगिन शांतपणे वाट पाहत असतं. नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं, पण ब्रिजच्या फाइलमध्ये जुनंच नाव असतं. नवं नाव लिहिलं, नेटवर्क पुन्हा सुरू केलं, की काम झालं. नवव्या आवृत्तीत हे नाव पक्कं करण्याचं साधन सोबतच दिलेलं आहे.

पाचवी पायरी व्हीएमची. व्हीएमवेअरची मोफत ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाल्यावर अनेकांनी घाईने प्रॉक्समॉक्सची वाट धरली. एप्रिल २०२५ मध्ये मोफत आवृत्ती परत आली, पण तोवर बरेच जण हलले होते. अशा हलवलेल्या विंडोज व्हीएमला सुरू होताच निळा पडदा येतो, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क थेट व्हर्टआयओवर टाकल्याचा हा परिणाम, कारण विंडोजकडे तिचा ड्रायव्हरच नसतो. डिस्क आधी साटावर जोडा, व्हर्टआयओची एक छोटी रिकामी डिस्क सोबत लावा, ड्रायव्हर टाका, एकदा सुरू होऊ द्या आणि मग बदला.

आणखी एक जागा माणसाला हमखास घाबरवते. पेनड्राइव्हवरून सर्व्हर उघडून ‘ईटीसी-पीव्हीई’ हा फोल्डर पाहिला, तर तो रिकामा दिसतो. ‘‘सगळ्या व्हीएम गेल्या!’’ अशी हाकाटी मी ऐकली आहे. काही गेलेलं नसतं. तो फोल्डर सेवा चालू असतानाच भरतो. खऱ्या नोंदी ‘कॉन्फिग डॉट डीबी’ नावाच्या फाइलमध्ये सुरक्षित असतात. अपग्रेडआधी ती फाइल आणि भरलेल्या फोल्डरची नक्कल, दोन्ही बाहेर काढून ठेवा.

आता अपग्रेडआधीची तयारी, थोडक्यात. ‘पीव्हीई७टू८’ किंवा ‘पीव्हीई८टू९’ ही तपासणी चालवा आणि तिचा एकही पिवळा इशारा ‘चालतंय’ म्हणून सोडू नका. यूईएफआयला ग्रबचं ते पॅकेज नसेल, तर नव्या तपासणीत तसं स्पष्ट येतं. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून पाहा. मॉनिटर, कीबोर्ड आणि चालणारी केबल सर्व्हरशेजारी आणून ठेवा. यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते पाहा. काम दुरून करत असाल तर टीमक्समध्ये करा, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी अपग्रेड अर्धवट राहत नाही.

कारखानदारांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर हातानेही काढता येतं आणि ई-इनव्हॉइससाठी एनआयसीची मोफत एक्सेल सोय आहे. त्यांचे लॉगिन सर्व्हरबाहेर, अकाउंट्सच्या मॅडमकडे असू द्या, म्हणजे सर्व्हर आडवा असतानाही गाडी निघेल. दुसरी गोष्ट म्हणजे अपग्रेड सुरू होण्याआधी तुमच्या माणसाकडून एक वेळ कबूल करून घ्या: या वेळेपर्यंत दुरुस्ती करणार, नाही झाली तर दुरुस्ती सोडून बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवणार. जुन्या डिस्कला हात लावायचा नाही, ती बाजूला काढून ठेवायची. ही वेळ आणि हे दुसरं मशीन ज्याला सांगता येत नाही, त्याला अपग्रेडची परवानगी देऊ नका.