ओढीतले बळ

मुलांनो, धानासाठी प्रसिद्ध असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील भातगिरण्यांत तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या तुम्ही पाहिल्या असतील. तागाच्या पोत्यांच्या जोडीला आता प्लॅस्टिकची विणलेली पांढरी पोतीही आली आहेत. असे रिकामे पोते हातात घेतले तर अगदी हलके भासते. परंतु पन्नास किलो तांदूळ पोटात घेऊनही ते फाटत नाही. एवढे बळ त्यात आले कोठून?

जुन्या पोत्याची एक पट्टी सोडवून पाहा. लांबीच्या दिशेने ओढली तर ती सहजासहजी तुटत नाही. तीच पट्टी नखाने रुंदीच्या दिशेने फाकली, की चटकन उभी चिरते. एकाच वस्तूचे असे दोन स्वभाव का असावेत?

ही पट्टी पॉलिप्रोपिलीन नावाच्या पदार्थाची असते. त्याचे सुव्यवस्थित रचनेचे रेणू इटलीतील शास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली घडविले. बहुवारिकांवरील संशोधनाबद्दल त्यांना जर्मनीच्या कार्ल झीगलर यांच्यासह १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचा प्रत्येक रेणू म्हणजे असंख्य कड्यांची लांबच लांब साखळी असते, त्या पदार्थाला बहुवारिक म्हणतात.

कारखान्यात हा पदार्थ वितळवून त्याचा पातळ पापुद्रा काढतात व तो निववतात. त्या वेळी साखळ्या गुंतवळासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. मग पापुद्र्याच्या अरुंद पट्ट्या कापून, त्या तापवून रुळांवरून ओढतात. पुढचे रूळ मागच्यांपेक्षा पाच ते सात पट वेगाने फिरतात. म्हणून पट्टी तितकीच लांब होते. विंचरलेल्या केसांप्रमाणे साखळ्या एका दिशेने लागतात आणि भार वाटून घेतात. आडव्या दिशेने मात्र त्यांना बांधून ठेवणारे आकर्षण क्षीण असते.

ओढण्यालाही रीत हवी. पट्टी पुरेशी न तापवता घाईने ओढली तर ती तुटते. फार तापवली तर साखळ्या निसटून पुन्हा गुरफटतात व ओढ व्यर्थ जाते.

मग आडव्या दुबळेपणावर उपाय कोणता? पोत्यात उभ्या-आडव्या पट्ट्या विणून एकीची उणीव दुसरीने भरून काढतात. बिस्किटांच्या अनेक पुड्यांचा चकचकीत पापुद्रा तर उभा व आडवा, दोन्ही दिशांनी ओढलेला असतो.

ही युक्ती निसर्गाला फार पूर्वीपासून अवगत आहे. याच जिल्ह्याच्या रानांत ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. कोश विणताना अळी मान हलवीत तोंडातील द्रव ओढते आणि त्या ओढीनेच त्याचा चिवट धागा होतो. रेशीम हेही बहुवारिकच आहे.

मात्र पोत्याच्या या बळाला ऊन सोसत नाही. उन्हातील अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात. बांधावर टाकून दिलेले पोते ठिसूळ होते, त्याचा भुगा होतो आणि तो न कुजता धानाच्या मातीत मिसळतो. म्हणून रिकामे पोते झटकून, घडी घालून सावलीत ठेवावे. पुढच्या सुगीत ते पुन्हा उपयोगी पडेल.

स्वाध्याय
१. पोत्याची पट्टी उभी का चिरते?
२. पट्टी ओढताना उष्णता बेताची का असावी लागते?
३. पोते उन्हात का टाकू नये?