कारभार आणि नफा

मागील उपघटकात आपण वाणिज्य क्षेत्रातील पारिभाषिक शब्दांचा परिचय करून घेतला. 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स'साठी 'निगम सुशासन' हा पर्याय योजला जात असला, तरी प्रस्तुत लेखकास 'कारभार' हाच शब्द अधिक अर्थवाही वाटतो. कारभारी मालक नसतो. तो दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो. संचालक आणि भागधारक यांच्यातील संबंध नेमका असाच आहे.

चांगल्या कारभाराने नफा वाढतो, हे विधान जपून स्वीकारावे. हिशेब चोख ठेवणाऱ्या कंपनीवर धनको विश्वास ठेवतात, हे खरे. परंतु नफ्यातील कंपनीलाच चोख कारभाराचा खर्च परवडतो, असेही असू शकते. शिवाय कारभाराचा देखावाही करता येतो. 'सत्यम कॉम्प्युटर्स'ला २००८ मध्ये सुशासनाचा पुरस्कार मिळाला आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच ताळेबंद फुगवल्याची लेखी कबुली दिली!

अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे उदाहरण एकाधिकार कापूस खरेदी योजनेचे आहे. ती कंपनी नव्हे. पण प्रश्न तोच. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून राज्यातील कापूस खरेदीचा एकाधिकार शासनाकडे आला. व्यापारी व अडत्यांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवावे, हा हेतू स्तुत्यच होता. विक्रीतून हमीभावापेक्षा अधिक रक्कम आली तर शेतकऱ्याला वाटा आणि तूट आली तर ती राज्याच्या तिजोरीवर, अशी रचना होती. भाव ठरे मुंबईत. चुकाऱ्याची वाट पाहणारा शेतकरी मात्र वऱ्हाडात. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरवाटेने सीमेपलीकडे जाई. उतरला की तिकडचा माल इकडच्या केंद्रांवर येई. म्हणजे महाग कापूस हातचा जाई आणि स्वस्त कापूस हमीभावाने गळ्यात पडे. जागतिक मंदीचा फटका बसला, हे नाकारता येत नाही. तथापि निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयाची झळ पोहोचत नव्हती, हे तोट्याचे मूळ कारण मानावे लागते. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांनाही खरेदीची मुभा मिळाली.

स्वाध्याय : आपण सभासद असलेल्या एखाद्या सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल मिळवा. त्यातील 'संचित तोटा', 'येणे बाकी' आणि 'लेखापरीक्षकाचे शेरे' या नोंदींचा अर्थ सोप्या मराठीत लिहा. कोणता निर्णय कोणी घेतला, हे अहवालातील कर्मणी प्रयोगामुळे कोठे झाकले गेले आहे, तेही दाखवा.