मगरीसारखा, पण मगर नव्हे

आपल्या जाफराबादची पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी तेलंगणात जाते. तिथे प्राणहिता नदीच्या खोऱ्यात मालेरी गाव आहे. तिथल्या तांबड्या मातीत एका जनावराची हाडे सापडली. हाडे कसली, दगडच झालेला!

हे जनावर 20 कोटी वर्षांहून जुने. आपला काळा खडक त्याच्या फार नंतरचा. म्हणून आपल्या रानात ही हाडे मिळायची नाहीत.

लांब तोंड, तीक्ष्ण दात, पाठीवर हाडांचे कवच. पाहणारा म्हणेल, ही तर मगर! पण थांबा, नाक बघा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात. याच्या डोळ्यांजवळ होत्या. हा मगरीचा पूर्वज नव्हे. मग रूप सारखे का? दोघांचा धंदा एकच. पाण्यात दबा धरायचा अन् शिकार पकडायची. म्हणून अंगही तसेच घडले.

नागपूरचे पाद्री हिस्लॉप असे दगड जमवीत. त्यांच्यावरून 1885 साली याला ‘पॅरासुकस हिस्लोपी’ नाव पडले. 1978 साली शंकर चटर्जींनी पुऱ्या सांगाड्यांची माहिती छापली. सांगाड्यांच्या पोटात दुसऱ्या लहान जनावराची हाडे होती. खाल्लेले पोटातच राहिले!

रूप सारखे, म्हणून नाते सारखे असे नाही. आधी नीट पाहावे, मग बोलावे.

सांगा पाहू : मगर आणि हे जनावर कशावरून वेगळे ओळखाल?